पहिल्या पायरीवरची कोरडी जागा

हे मी कुठं वाचलेलं नाही. माझे सख्खे चुलते आकारामतात्या यांच्या तोंडून ऐकलंय. सांगताना त्यांचा चहा पार गार झाला, तरी त्यांनी कपाला हात लावला नाही. तात्या गप्पा रंगवणारा माणूस नाही, म्हणून माझा विश्वास बसला. तुमचं तुम्ही ठरवा.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. पलूसच्या अलीकडं एका विद्यापीठाचं फुटबॉलचं मैदान आहे. नाव सांगत नाही, तिथं अजून पोरं शिकतात.

आणि वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारची होती.

तात्या मूळचे मेढ्याचे. बायको गेली तेव्हा राणी चार वर्षांची होती. ही एकच लेक, तिच्यावर त्यांचा जीव. राणी विद्यापीठाच्या मुलींच्या संघात निवडली गेली आणि तात्या घराला कुलूप लावून तिच्यामागं आले. मैदानाचं स्टेडियम करायचं काम चाललं होतं, तिथं पाणी मारायच्या कामाला लागले. भावकी हसली. हसेना का, लेक डोळ्यांसमोर होती.

मैदान तसं जुनं. पन्नासेक वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांनीच श्रमदान करून माळ सपाट केला आणि निघालेली माती एका कडेला ओढली. त्या मातीचा बांध झाला. आसपासचे लोक त्यावर बसून मॅच बघायचे. आता बांध खणून तिथं सिमेंटची गॅलरी उभी राहिली होती. बारा पायऱ्या.

नवं काँक्रीट सारखं ओलं ठेवावं लागतं, नाहीतर तडे जातात. तात्या दिवसातून चार वेळा पाइप धरून सगळ्या पायऱ्या भिजवायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना ते दिसलं.

सातव्या पायरीवर… मधोमध… एक जागा कोरडी होती.

माणूस बसेल एवढीच.

राहिली असेल म्हणून त्यांनी परत पाणी मारलं. पाणी तिथवर जायचं आणि दोन्ही बाजूंनी वळून खाली यायचं. मग त्यांनी वरूनच धार सोडली.

आवाज सिमेंटवर पाणी पडल्याचा नव्हता…

लुगड्यावर पडल्यासारखा होता. दबका.

चार दिवसांत तिथं बारीक तडा दिसला. सुपरवायझरनं तात्यांना कामचुकार ठरवलं आणि उद्या ती जागा कोरडी दिसली तर गावाकडं जायचं, असं बजावलं. गावाकडं जायचं म्हणजे राणीला सोडून जायचं.

तिथला म्हातारा वॉचमन कोंडीबा. तात्यांनी त्याला जागा दाखवली.

"हरणाबाई हाय ती," तो म्हणाला. "बांधावर हितंच बसायची."

मग त्यानं सगळं सांगितलं. हरणाबाईचा लेक बिरदेव विद्यापीठाकडून खेळायचा. ती रोज बांधावर बसायची आणि खेळ संपला की हाक मारायची, 'चल रं घरला.' बिरदेव फौजेत गेला आणि परत आला नाही. म्हातारी मात्र रोज येऊन बसत राहिली. शेवटी तिथंच बसल्या बसल्या गेली.

तात्यांना भीती वाटली. पण त्याहून जास्त वाईट वाटलं. आणि आपल्याकडं दारात आलेल्याला करतो तेच त्यांनी केलं. एक पोतं झटकलं आणि पहिल्या पायरीवर, अगदी मैदानाला लागून, अंथरलं.

"आवं आजी, तिथलं सिमेंट पाणी पिऊ द्या. तुमी हितं बसा. हितनं खेळ जवळनं दिसंल."

दुसऱ्या दिवशी सातवी पायरी पूर्ण भिजली.

पोतं मात्र… वरून धार सोडूनही कोरडंच राहिलं.

काम वाचलं. तात्या निवांत झाले.

मार्चअखेर उद्घाटनाची मॅच झाली. मुलींचा संघ जिंकला. राणी घामानं निथळत धावत तात्यांकडं आली.

"आबा, पहिल्या पायरीवर त्या आजी कोण हुत्या? मला म्हणल्या, चल गं घरला."

तात्यांनी तिचा हात घट्ट धरला.

"मंग तू काय म्हणलीस?"

"येतो म्हणलं. कुणी अशी हाक मारलीच न्हवती कवा. आईगत वाटली."

तात्यांनी पायरीकडं पाहिलं. तिथं कुणीच नव्हतं.

काम संपलं, तरी तात्या मैदानाच्या हिरवळीला पाणी द्यायला तिथंच राहिले. रोज दुपारी त्या पायरीवरही पाणी मारून बघायचे. कोरडी जागा एकच असायची. तेवढं बघितलं की त्यांना जेवण जायचं.

गेल्या महिन्यात त्यांनी असंच पाणी मारलं…

कोरड्या जागा दोन होत्या.

एकमेकींना खेटून.

त्यांनी पाइप तसाच टाकला आणि राणीला फोन लावला. तिनं लगेच उचलला. ती हॉस्टेलवर, आपल्या खोलीत होती.

"मी बरी हाय आबा," ती म्हणाली. "पर बसल्या जागी समदी भिजलोय बघा. वरनं पाणी कुठनं आलं, कळंना झालंय."

त्या दिवसापासून तात्यांनी पाइपला हात लावलेला नाही. राणी हसते, खेळते, सगळं ठीक दिसतं. ती अजून आपल्याकडं आहे का, हे तात्यांना पाणी मारल्याशिवाय कळणार नाही.

आणि पाणी मारायची त्यांची छाती होत नाही.