उपाशीपोटी, फक्त कॉफी

"अहो, ते सरबत नाहीये!" मी ओरडेपर्यंत त्याने ग्लास रिकामा केला होता.

साल एकोणीसशे शहाण्णव, बंगळुरूच्या मल्लेश्वरममधलं आमचं प्रसूती रुग्णालय; मी तिथे डॉक्टर. ग्लासात गरोदर बायकांच्या मधुमेह तपासणीचं ग्लुकोजचं पाणी होतं, आणि ते पिणारा होता पुण्याहून आलेला लॅबचा नवा डॉक्टर, सुशांत.

"आता तासभर बसा. रक्त द्यावं लागेल," मी म्हणाले.

"तुम्ही समोर बसणार असाल तर… दोन तास बसतो."

काय हा आगाऊपणा! पण मी गालातल्या गालात हसले.

पुढे मात्र आमची चांगलीच जुंपली. रुग्णालयाच्या प्रमुख असलेल्या मोठ्या मॅडमना सगळ्या बायकांसाठी एकच पद्धत ठरवायची होती. माझी म्हणजे जेवून या नाहीतर न जेवता, ग्लुकोज प्या, तासाने रक्त द्या. त्याची म्हणजे उपाशीपोटी रक्त. लांबच्या आनेकल गावाहून पहाटेच्या बसने उपाशी येणाऱ्या बायका रांगेत चक्कर येऊन पडत, म्हणून मला हरायचंच नव्हतं. तीन महिने दोन्ही पद्धती चालल्या. त्याच्या पद्धतीत जास्त बायकांना मधुमेह सापडत होता आणि मॅडमचा कल तिकडेच होता. रोज डबा खाताना आम्ही भांडायचो… आणि मला त्या भांडणाची ओढ लागली होती.

शेवटच्या आठवड्यात त्याने रांगेतल्या सकवारबाईंना विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"नाही अण्णा. स्वल्प काफी घेतली, तेवढीच."

"साखर घालून?"

"मग काय, कडू पिऊ?"

सुशांतने रांगेकडे पाहिलं. मग एकेकीला विचारत सुटला. निम्म्याहून जास्त बायका गोड कॉफी पिऊन आलेल्या! म्हणूनच त्याचे आकडे चढले होते. मला हे कधी सुचलंच नव्हतं. मी पडले बंगळुरूची, कॉफीला खाण्यात कोण धरतं?

तो गप्प बसू शकला असता. पण बैठकीत तो उभा राहिला. "माझे आकडे धरू नका, मॅडम. डॉक्टर सुचेतांची पद्धत घ्या."

मॅडमनी तिथल्या तिथे सही केली. मी जिंकले होते!

बाहेर येताच मी त्याला गाठलं. "बोलला नसतात, तर तुम्ही जिंकला असतात."

"आणि त्या बायका? उगाच मधुमेही ठरल्या असत्या." तो घुटमळला. "सुचेता… मला तुम्ही फार आवडता. कधीपासून ते विचारू नका."

"नाही विचारत," मी म्हणाले. "माझंही तसंच आहे."

दारापाशी शिपाई कल्लाप्पा कन्नडमधली नवी पाटी ठोकत होता — तपासणीला उपाशी यायची गरज नाही. बायका ती वाचून 'सुटलो बाई' म्हणत हसत होत्या. त्या सगळ्यांदेखत सुशांतने माझा हात धरला, आणि मी तो सोडवून घेतला नाही.