न मारलेली हाक

ऑगस्टमध्ये दुबईतली मांजरंसुद्धा पार्किंगमधल्या गाड्यांखालून बाहेर यायला तयार नसतात. अशा दिवसांत फ्रँक डाबरे बायकोला घेऊन रेनकोट विकत घ्यायला निघाला. अल बर्शातल्या त्यांच्या फ्लॅटपासून मॉल जवळच होता, आणि या गावात बर्फावर घसरायचे बूट मिळतात, तर रेनकोटांनी काय पाप केलंय?

दुकानातल्या अक्रमने दोघांकडे जरा काळजीने पाहिलं.

"सर, बारिश किधर है?"

"स्कॉटलंड में. जंगल में घूमने जा रहे हैं. हिरन, गिलहरी, वगैरा."

"माशाल्ला. बच्चे भी साथ में?"

"बेटा वहीं है," रोझलिन म्हणाली.

फ्रँकने खिशातून कार्ड काढलं आणि गिऱ्हाईक जसं घाईत असतं तसा चेहरा केला. एल्रॉय खरं म्हणजे वसईला होता, चर्चमागच्या सिमेटरीत, दीड वर्षापासून. पण रोझलिनच्या म्हणण्यातही चूक नव्हती. मुलगा शिकायला तिकडे गेला होता. एका रविवारी लाल खारी बघायला म्हणून जंगलात एकटाच गेला, ओढ्याकाठच्या दगडावरून घसरला, आणि थंडीने बाकीचं काम केलं. आईबापांनी ती जागा पाहिलीच नव्हती. त्यांनी पाहिली ती विमानतळावर उतरलेली पेटी. ती जागा एकदा डोळ्यांनी बघू, म्हणजे रोझलिन रात्री झोपेल, असा फ्रँकचा हिशेब होता. तो एका हॉटेलच्या अकाउंट्समध्ये होता आणि त्याचे तिथले हिशेब सहसा चुकत नसत.

फ्रँकच्या घरी एक रीत होती. समुद्रावरून, वाडीतून, डोंगरावरून, कुठूनही निघताना घरच्या मोठ्या माणसाने प्रत्येकाला नावाने हाक मारायची, 'चल घरी' म्हणायचं, आणि त्याने 'आलो' असं उत्तर द्यायचं. वसईतली त्याची आजी म्हणायची, माणूस पायांनी निघतो पण त्याचं मन तिथेच खेळत बसतं, त्याला बोलावून न्यावं लागतं. नाही बोलावलं तर ते तिथेच राहतं, आणि त्याच्या जागी काय उठून येईल ते सांगता येत नाही. फ्रँकने ही रीत आखातात आणली. वाळवंटातल्या सहलीहून निघतानाही तो गाडीपाशी उभा राहून मोठ्यांदा हाका मारी. एल्रॉय कंटाळून, शब्द लांबवत 'आलोऽ' म्हणे. धाकटी लॅरिसा तोंड लपवी. "डॅडा, प्लीज, नॉट हिअर. पीपल आर लुकिंग."

स्कॉटलंडमधलं ते जंगल हिरवंगार होतं, पण अबोल. शेवाळाने जमीन, दगड, आडवे पडलेले ओंडके असं सगळं गिळून टाकलं होतं, त्यामुळे पावलांचा आवाजच होत नव्हता. आपण चालतोय की नाही हे खाली बघून ठरवावं लागे. उंच पाईनच्या खोडांमधून उजेड गाळून गाळून खाली येई आणि येईपर्यंत राखाडी होई. ओल्या मातीचा आणि राळेचा वास नाकात बसला तो बसलाच. फाटकाजवळच्या पाटीवर हरणांची, घुबडांची, लाल खारींची सुंदर चित्रं होती. आत मात्र एक पाखरू दिसेना.

"सगळे सुट्टीवर दिसतात," फ्रँक म्हणाला.

रोझलिन हसली नाही. ती ओढ्याकाठी एका ओंडक्यावर जाऊन बसली, रेनकोटची टोपी मागे टाकून. पाऊस भुरभुरत होता. तिने हात शेजारी शेवाळावर ठेवला होता, चर्चमध्ये बाकावर बसल्यावर शेजारच्या मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

"चल आता," बऱ्याच वेळाने फ्रँक म्हणाला.

"थोडं थांबू."

"गाडी परत द्यायचीय."

भाड्याची गाडी उशिरा दिली तर लोक काय म्हणतील, ही चिंता माणसाला कुठेही सोडत नाही. ती उठली. दोघं फाटकापाशी आले. आज हाका मारायच्या नाहीत असं फ्रँकने आधीच ठरवलं होतं. पण तोंडाला सव्वीस वर्षांची सवय. तो जंगलाकडे वळला आणि नेहमी ज्या नावाने सुरुवात करायचा तेच नाव बाहेर पडलं.

"एल्रॉय... चल घरी."

खोडांच्या मागून, फार लांबून नाही, उत्तर आलं.

"आलोऽ."

तसंच. कंटाळलेलं, लांबवलेलं.

फ्रँकने झटकन पाठ फिरवली आणि मागे पाहिलं नाही. पाहिलं आणि काही दिसलं नाही तर, ही भीती. तो गाडीत बसला, रोझलिन शेजारी येऊन बसली, आणि तो सुटला. पुढचं नाव घ्यायचं राहून गेलं, हे तेव्हा त्याच्या ध्यानातही आलं नाही.

दुबईला परत आल्यावर फ्लॅटमध्ये ओल्या मातीचा वास येऊ लागला. फ्रँकने बिल्डिंगचा टेक्निशियन बोलावला. तो एसी उघडून, बघून, बंद करून म्हणाला, "साब, अंदर तो एकदम सूखा है." त्या संध्याकाळी दोघं रोझरीला, माळेच्या प्रार्थनेला बसले. प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग घरचा पुरुष म्हणतो, उरलेला अर्धा बाकीचे. फ्रँकने आपला भाग म्हटला आणि थांबला. रोझलिनचे ओठ हलले नाहीत. उरलेला भाग एल्रॉयच्या खोलीतून आला. दाराआडून, हळू आवाजात.

खरं तर त्याने घाबरायला हवं होतं. पण दीड वर्ष ज्याचा आवाज फोनमधल्या जुन्या मेसेजेसवर ऐकला, तो भिंतीपलीकडे प्रार्थना म्हणत असेल तर बाप काय करील? फ्रँक दुसऱ्या दिवशी ऑफिसातून वेळेवर निघाला. हॉटेलच्या इतिहासात असं आधी झालं नव्हतं. मग रोजच निघू लागला. खोलीचं दार मात्र तो उघडत नसे. आत कुणी नसलं तर हा आवाजही जाईल, असं त्याला वाटे.

या सुखात त्याचं रोझलिनकडे बघायचं राहिलं. ती जेवत होती, भांडी घासत होती, पण हाक मारली तर वळत नव्हती. हात गार लागत. भर उन्हात ती बाल्कनीत रेनकोट घालून बसे आणि आत येई तेव्हा तिचे केस ओले असत.

सिलिकॉन ओएसिसमध्ये मैत्रिणींबरोबर राहणारी लॅरिसा शनिवारी आली. आईसमोर बसून तिने बराच वेळ गप्पा मारल्या, म्हणजे एकटीनेच मारल्या. मग बापाला किचनमध्ये ओढलं.

"व्हॉट हॅपन्ड टू ममा?"

"थकलीय गं. प्रवास..."

"शी इज नॉट टायर्ड, डॅडा. शी इज नॉट हिअर." ती कुजबुजली. "निघताना हाक मारलीस ना?"

"मारली."

"कुणाला?"

फ्रँकने नळ सुरू केला, उगीचच. लॅरिसा त्याच्याकडे बघत राहिली. एल्रॉय गेला तेव्हा ती जशी रडली होती, तशी आत्ता रडली नाही, पण चेहरा तोच झाला.

"गो बॅक. तिला घेऊन ये. प्लीज."

"बघतो. रजा मिळायला हवी, व्हिसा..."

कारणांची त्याला कधीच वाण नव्हती. खरं कारण त्याने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. परत त्या फाटकापाशी उभं राहायचं, रोझलिनला बोलवायचं, आणि आपल्या पाठोपाठ खोलीतला हा आवाज पुन्हा झाडांत निघून गेला तर? एक आणायला जावं आणि दुसरं तिथे ठेवून यावं लागलं तर? तो आज-उद्या करत राहिला. रोझलिन दिवसेंदिवस हलकी होत गेली. सोफ्यावर बसली तरी सोफा दबेनासा झाला.

शेवटी तेच सहन होईना. एका संध्याकाळी बाहेर अजान संपली, दोघं रोझरीला बसले. पहिला मणी झाला, खोलीतून उत्तर आलं. फ्रँकने माळ मांडीवर ठेवली.

"रोझलिन, मी तिकिटं काढतो. तुला घ्यायला जाऊ."

तिने मान वर केली. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं, पण फार लांबून बघितल्यासारखं.

"नको, फ्रँक."

"अगं, माझं चुकलं. मी तुझं नाव..."

"ते बरंच झालं. त्याला एकटं कसं टाकू? किती गारठलाय तो. आत्ता कुठे हात ऊब धरतायत त्याचे."

"कुणाचे?"

"एल्रॉयचे. इथेच आहे, माझ्याजवळ. तू हाक मारलीस ना, तेव्हाही माझ्या शेजारीच बसला होता. म्हणाला, ममा, डॅडाला जाऊ दे, तू थांब."

फ्रँकने एल्रॉयच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"पण तो... आलो म्हणाला. मी ऐकलं. तो आलाय, रोझलिन. रोज..."

"तो नाही बोलला," ती हळूच म्हणाली. "आम्ही दोघांनीही ऐकलं. आम्हालाही कळलं नाही कोण ते."

एवढं बोलून तिने मान पुन्हा खाली घातली.

पॅसेजच्या टोकाला खोलीचं दार बंद होतं. आत हालचाल नव्हती. पण कुणीतरी श्वास रोखून, अगदी सभ्यपणे, आपली पाळी यायची वाट बघत होतं, हे फ्रँकला इथे बसून कळत होतं. उठून जावं असं वाटलं. पण रोझलिनला एकटीला इथे सोडून जायचं कसं, आणि आता हिला एकटी तरी म्हणायचं कसं? माळ अर्धीच सोडली तर ते काय करील, हेही माहीत नव्हतं. त्याने माळ उचलली. दुसऱ्या मण्याचा आपला भाग त्याने कसाबसा म्हटला आणि थांबला.

उत्तर आलं. तोच आवाज, तेच शब्द. फक्त या वेळी ते दाराआडून आलं नाही, पॅसेजमधून आलं.