क्लॅरिनेटवाल्याचा ताप

तो दुकानात शिरला तेव्हा त्याच्या केसांतून पाणी ठिबकत होतं, आणि कोटाखाली धरलेली क्लॅरिनेटची पेटी मात्र अगदी कोरडी होती. स्वतः भिजून वाद्य सांभाळणारा माणूस तिला एकदम आवडून गेला. चेहऱ्यावर तिनं अर्थातच तसं काही दिसू दिलं नाही.

“खालचा सूर फुसका निघतोय,” तो म्हणाला. “उद्या बँडचा कार्यक्रम आहे हो...”

“सगळ्यांचाच उद्या असतो. आणा इकडे.”

फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या दुरुस्तीचं ते दुकान तिच्या मामाचं. हात तिचे आणि आरडाओरडा मामाचा, अशी कामाची वाटणी होती. हवा कुठून निसटते ते कळायला वाद्य तोंडाला लावून फुंकावंच लागतं. त्याआधी तोंडाकडचा भाग औषधी पाण्यात बुडवून पुसायचा, हा मामाचा कडक नियम. पण तेवढ्यात त्यानं पापण्यांवरचं पाणी निपटलं, तिचं लक्ष उडालं, आणि तिनं क्लॅरिनेट तशीच ओठांना लावली.

“अहो, थांबा — मला जरा कणकण आहे अंगात.”

तोवर सूर निघालाही होता.

चारपाच दिवसांत ती तापानं फणफणली. साथीचाच विषाणू, आला तसा गेला. पण पुढे काही महिन्यांनी तहान सुरू झाली. बाटल्यांवर बाटल्या रिचवल्या तरी घसा कोरडाच. कपडे अंगावर लोंबायला लागले. तपासणीत साखर एवढी निघाली की मामाचीसुद्धा बोलती बंद झाली. पहिल्या प्रकारचा मधुमेह. शरीर इन्सुलिन बनवेनासं झालं होतं, म्हणजे आता रोज टोचून घ्यायचं, तेही जन्मभर.

तो पुन्हा आला तेव्हा ती कामाच्या टेबलामागे पोटात इंजेक्शन घेत होती. तो गडबडीनं भिंतीकडे वळला.

“हे... कधीपासून?” त्यानं भिंतीलाच विचारलं.

“तुम्ही येऊन गेल्यावर ताप आला ना, त्यानंतर.”

तो हळूच स्टुलावर बसला. “तो ताप माझा होता.”

“ताप काय कुणाच्या मालकीचा असतो?” ती हसली. तो हसला नाही.

त्या दिवसापासून स्वारी वरचेवर उगवायला लागली. कधी स्क्रू ढिला, कधी कॉर्क सैल; पुढे तर ठणठणीत क्लॅरिनेट घेऊनच यायचा. खिशात, तिची साखर उतरलीच तर म्हणून, फळांच्या रसाचं खोकं, तोंडी एकच प्रश्न — “जेवलात का?” मामा म्हणायचा, या वाद्यापेक्षा याच्या मालकालाच भरती करून घे.

तिला हे सगळं फार गोड वाटायचं. आणि घरी गेल्यावर तेच खुपायचं. हा माणूस प्रेम करतोय की प्रायश्चित्त घेतोय?

स्वतःचंही तिला धड कळेना. तो दारात दिसला की छाती धडधडे, तळव्यांना घाम फुटे, बोटं थरथरत. साखर उतरली की अगदी अस्संच होतं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. ती गुपचूप बोट टोचून बघायची, तर साखर जागच्या जागी. एकदा मात्र तिनं लाजून दुर्लक्ष केलं आणि नेमकी तेव्हाच साखर खरंच उतरली होती. त्यानंच खोकं फोडून तिच्या हातात दिलं. म्हणजे आता स्वतःच्या काळजावरही भरवसा ठेवायची सोय राहिली नाही.

शेवटी तिनं डॉक्टरीणबाईंनाच गाठलं.

“एखाद्याच्या तापामुळे दुसऱ्याला मधुमेह होतो का हो?”

“काही विषाणूंवर संशय आहे खरा,” बाई म्हणाल्या. “शरीराची राखण करणारी फौज बिथरते आणि इन्सुलिन बनवणाऱ्या आपल्याच पेशींवर उलटते. पण ही धुसफूस बहुतेक वेळा कितीतरी आधीच सुरू झालेली असते. तोच ताप नडला असं मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकणार नाही. कुणावर खापर फोडायचंय का?”

“नाही... काढायचंय.”

बाहेर पडताना तिला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. हे सांगितलं तर तो मोकळा होणार. आणि मोकळा झाला की येणार कशाला? न सांगावं, तर एका भल्या माणसाला अपराधाच्या दोरीनं बांधून ठेवल्यासारखं. दोन दिवस तिनं वाद्यांवर बोटांनी दाबायच्या एका चावीच्या जागी भलतीच चावी बसवली आणि मामाच्या शिव्या खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी तो आला. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंचा शब्द अन् शब्द.

तो पेटीची कडी उघडझाप करत राहिला.

“बरं नाही वाटलं?” तिनं विचारलं.

“वाटलं ना. म्हणजे... वाटायला हवं.” त्यानं पेटी उचलली. “मग येतो मी.”

तो निघालासुद्धा. तिचे डोळे भरून आले, आणि नेमका त्याच वेळी तो उंबऱ्यावरून परत फिरला.

“एक अडचण आहे,” तो म्हणाला. “चूक माझी, तेव्हा जन्मभर येत राहायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आता चूक तुम्ही काढून घेतलीत. पण ते जन्मभराचं तसंच राहिलंय... त्याचं काय करू?”

“माझी काळजी मला घेता येते,” ती कशीबशी म्हणाली. “त्यासाठी यायचं असेल तर नका येऊ.”

“आणि उगाचच यायचं असेल तर?”

आतल्या खोलीतली मामाची ठोकाठोक एकाएकी थांबली होती.

“या,” ती म्हणाली.

“उद्या?”

“उद्या दुकान बंद असतं.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “म्हणूनच विचारलं.”