जुनिपरमागून आलेली हाक

"हॅडली… हॅडली… हॅडली…"

पेट्रोल पंपामागच्या शौचालयाचं दार बंद होतं, आणि आत एक बाई स्वतःचंच नाव घेत होती. गाण्यासारखं नाही, रडण्यासारखंही नाही. दळण दळताना जातं जसं फिरत राहतं तसं, आपोआप.

बाहेर एकच माणूस आपली पाळी यायची वाट बघत होता. टोपीवर बर्फाचा भुगा, हातात कॉफीचा कागदी पेला. त्याला काही नवल वाटल्याचं दिसलं नाही. दाराकडे तोंड करून तो म्हणाला, "ऐकतोय, हॅडली. ठीक."

आत एकदम चिडीचूप.

मग पाण्याचा आवाज. मग दार बोटभर उघडलं आणि फटीत एक तपकिरी डोळा दिसला.

"किती वेळ उभा आहेस?"

"हॅडली कोण ते कळण्याइतका."

"मी आत्ताच वाळवंटातून आले. सवय लागलीय… तू समजतोस ते नाही—"

"मी बरोबर तेच समजतोय. गेल्या सुट्टीत मी आईच्या न्हाणीघरातून 'ऑरिन, ऑरिन' करून ओरडलो. ती बिचारी जिन्यावरून धावत आली, हातात लाटणं घेऊन."

हॅडलीला हसू आलं. आठवडाभर न धुतलेल्या चेहऱ्यावर हसू आलं की गाल ताणतात, दुखतात. तिने गालाला हात लावला. काजळीचे डाग बोटांना लागले, आणि एवढ्या देखण्या माणसासमोर आपण असं दिसावं याचं तिला फार वाईट वाटलं.

*

नंतर.

(किती नंतर ते सांगणार नाही. तिथे मुलींना वेळ सांगत नाहीत. घड्याळ नाही, वार नाही, उद्या कुठे जायचं तेही नाही. तेव्हा इथेही नुसतं 'नंतर'.)

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या पश्चिमेला, डांबरी रस्ता संपतो त्याच्याही पुढे, सेजच्या राखी झुडपांत सहा मुली राहत होत्या. कुणी गोळ्या घेतल्या होत्या, कुणी शाळा सोडली होती, कुणी नुसती बोलायची थांबली होती. आईबापांनी हात टेकले की मुलींना इकडे पाठवत. चालायचं, लाकूड लाकडावर घासून विस्तव काढायचा, मसूर-भात शिजवायचा आणि गोल करून बसून बोलायचं. त्यांच्यासोबत चोवीस तास राहणारे ते शिक्षक. एक आठवडा वाळवंटात, एक आठवडा गावात. हॅडली त्यातली एक. पंपावर भेटलेला ऑरिन आधी दुसऱ्या गटात होता, आता तिच्या जोडीला.

झुडपामागे गेलेल्या मुलीने परत येईपर्यंत आपलं नाव घेत राहायचं. हाक थांबली की समजायचं, ती पळाली. मुलींना एकट्यांना लाज वाटू नये म्हणून शिक्षकही तसंच करत.

"तुझा आवाज खालच्या पट्टीतला आहे," पहिल्याच दिवशी हॅडली म्हणाली. "वाऱ्यात हरवतो."

"मग कान दे ना नीट."

"मला सहा मुलींकडे कान द्यायचा असतो."

"सातवा मी. सांभाळून घे."

ढग इतके खाली होते की डोंगर अर्धेच दिसत. हिवाळ्यात तिथे सूर्य उगवतो असं कुणी म्हटलं तर ते ऐकून घ्यायचं, एवढंच.

*

नंतर. गावात.

कपडे धुवायच्या दुकानात दोघं यंत्रांसमोर बसले होते. काचेमागे तिचे मोजे आणि त्याचे मोजे वेगवेगळे फिरत होते.

"एकाच यंत्रात टाकले असते तर पाणी वाचलं असतं," ऑरिन म्हणाला.

"एकाच यंत्रात टाकले तर वर्लाला सांगावं लागेल."

वर्ला म्हणजे तळावरची बाई. रेडिओ तिच्याकडे, गाड्या तिच्याकडे, पाळ्या लावणं तिच्याकडे. नियम साधा होता. दोन शिक्षकांचं जमलं तर तिला सांगायचं, आणि तिने त्यांना उलट्या पाळ्या लावायच्या. एक वाळवंटात असेल तेव्हा दुसरा गावात. मुलींचं लक्ष उडू नये म्हणून. आधीची चार जोडपी अशीच तुटली होती. गाडीच्या काचेतून हात हलवत, हलवत… आणि मग हात हलवायचंही राहून जाई.

"म्हणजे काही घडलं तर सांगायचं," ऑरिन म्हणाला.

"हो."

"आणि काही घडलेलंच नाही."

"काहीच नाही."

त्याचा हात तिच्या हातावर होता. बोटांना तडे गेलेले, नखांत राख. ती हात काढून घेणार होती— यंत्र थांबलं की. यंत्र थांबलं. तिने आणखी एक नाणं टाकलं.

"स्वच्छ झालेत गं ते," तो म्हणाला.

"मला नाही वाटत."

*

नंतर. टेगन.

टेगन सोळा वर्षांची. ओहायोहून आणलेली. पहाटे दोन अनोळखी माणसं तिच्या खोलीत आली, बूट घाल म्हणाली, आणि दारात उभी असलेली आई काही न बोलता आत वळली. ते वळणं टेगन रोज सांगे, आणि दर वेळी शेवटी म्हणे, "माझी आजी घरी असती तर तिने त्यांना झाडूने मारलं असतं." आजी इस्पितळात होती. टेगनला तिच्याकडे जायचं होतं. कसंही करून, चालत.

म्हणून संध्याकाळ झाली की सगळ्या मुलींचे बूट एका पिशवीत जात, आणि पिशवी हॅडलीच्या उशाशी. मोज्यांवर कुणी त्या थंडीत फार लांब जात नाही.

त्या दिवशी कॅसी आणि बाकीच्या मुली ताडपत्र्या गुंडाळायला वर गेल्या होत्या. टेगन निखाऱ्याशी झटत होती. लाकूड धुमसलं, काळी भुकटी पडली, भुकटीच्या पोटात इवलासा लाल ठिपका. हॅडलीने तो सालीच्या घरट्यात घेतला आणि हलकेच फुंकर घातली. काही झालं नाही.

आणि तेव्हाच जुनिपरच्या झुडपामागून तो खालच्या पट्टीतला आवाज आला. कंटाळलेला, झोपाळू, रोजचा—

"हॅडली…

हॅडली…

हॅडली…"

हॅडलीच्या हातातला ठिपका विझला.

तो स्वतःचं नाव विसरला होता. जिभेवर जे आधी आलं ते घेत होता, आणि त्याला पत्ताच नव्हता.

टेगनने मान वर केली. जुनिपरकडे पाहिलं, हॅडलीकडे पाहिलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

"अच्छा," ती म्हणाली. "म्हणून तू त्याला भात वाढताना खालचा करपलेला देत नाहीस."

"टेगन—"

"आज रात्री माझे बूट पिशवीत टाकू नकोस. मीही कुणाला काही सांगणार नाही."

"थंडी बघितलीस? रस्ता कुठल्या दिशेला आहे ते तरी माहितेय का?"

"तुला माहितेय ना. तेवढं सांग. नाहीतर मी गोलात सांगेन. मग तुम्हाला वेगळं करतील. बरोबर ना? कॅसी सांगत होती." ती अगदी हळू बोलत होती. "कुणापासून तरी तोडलं की कसं वाटतं, ते तुलाही कळेल."

ऑरिन झुडपातून बाहेर आला, पट्टा आवळत. "काय झालं? कुणी मेलं का?"

टेगन पुन्हा लाकडं घासायला बसली.

*

नंतर. बूट गोळा करायची वेळ.

पाच जोड पिशवीत गेले. सहावा जोड हॅडलीच्या हातात होता. बूट ओले होते, आणि आकाराने एवढे लहान की तिला धक्काच बसला. ही मुलगी एवढी लहान आहे हे तिने याआधी पाहिलंच नव्हतं.

पलीकडे ऑरिन आगीसाठी काटक्या मोडत होता. काटकी मोडली की दर वेळी तो डोळे मिटे. मोठ्या माणसाची ही छोटी भीती तिला फार आवडायची. दिवसभर ती त्याला न बघता बघत असे. उलट्या पाळ्या लागल्या की तेही गेलं. मग कोण काटक्या मोडणार, कोण डोळे मिटणार, तिला कधी कळणार नाही.

बूट टेगनच्या ताडपत्रीखाली सरकवायचे. बस, एवढंच. सकाळपर्यंत मुलगी झोपलेली असेलही कदाचित. कदाचित घाबरून परत फिरेल. कदाचित…

तिने बूट ताडपत्रीखाली सरकवले.

खरंच सरकवले. हात बाहेर काढला आणि बोटांना चिखल लागलेला दिसला. गोठायला लागलेला.

मग तिने ते पुन्हा बाहेर ओढले, पिशवीत कोंबले, गाठ मारली, आणि गोलात जाऊन बसली.

गोलाचा नियम असा: ज्याला उद्देशून बोललं, त्याने ऐकलेलं तसंच्या तसं परत म्हणायचं. आपलं काही घालायचं नाही.

"मला बोलायचंय," हॅडली म्हणाली. "ऑरिनला उद्देशून."

मुली सरसावून बसल्या. टेगनचा चेहरा पांढरा पडला.

"मला भीती वाटतेय. कारण… कारण मला तू आवडतोस. बरेच दिवस. आणि मी ते लपवलं, कारण सांगितलं तर तुला रोज बघता येणार नाही. आज ते लपवण्यापायी मी असं काही करणार होते की त्यात एखादीचा जीव गेला असता." ती थांबली. "बस. झालं."

आग तडतडली. ऑरिनने घसा साफ केला. एकदा. दोनदा.

"मी ऐकलं ते असं, की तुला भीती वाटतेय. की तुला मी आवडतो. बरेच दिवस. की सांगितलं तर रोज बघता येणार नाही… आणि मलाही तू आवडतेस. पंपावर दार उघडलंस तेव्हापासून."

"ए! आपलं घालायचं नाही!" कॅसी ओरडली.

"चुकलो."

"परत म्हण!" दुसरी म्हणाली. "पहिल्यापासून म्हण!"

हसताहसता दोघीतिघी रडायलाही लागल्या. तिथे त्या दोन गोष्टी फार लांब नसायच्या. टेगन मात्र गुडघ्यांत डोकं घालून बसली होती.

"आता तुला पेचात धरायला माझ्याकडे काहीच उरलं नाही," ती म्हणाली.

हॅडली तिच्या शेजारी जाऊन बसली. टेगनची आजी इस्पितळात होती आणि इथून रस्ता लांब होता.

*

रेडिओ.

— तळ, गट तीन बोलतोय. सहा मुली, दोन शिक्षक. सगळे ठीक. एक मुलगी पळायच्या विचारात आहे, आम्ही दोघं तिच्या दोन्ही बाजूंना झोपतो.

— ठीक, गट तीन. आणखी काही?

— वर्ला… ऑरिन आणि मी.

— (खरखर)

— ऐकू आलं का?

— ऐकू आलं गं पोरी. गट एकलाही आलं असेल, गट चारलाही. मला वाटलं होतं तू मार्चपर्यंत तरी दम काढशील. मी पाळ्या बदलते.

— हो.

— वाईट वाटतंय मला. टेगनच्या आजीची चौकशी करते, सकाळी सांगते. तळ बंद.

*

नंतर. पहाट.

टेगनच्या अंगावर ताडपत्री, ताडपत्रीच्या एका काठावर हॅडली, दुसऱ्या काठावर ऑरिन. मुलगी हलली तर दोघांनाही कळावं म्हणून. ती हलली नव्हती. रडून रडून झोपली होती आणि तोंड उघडं होतं.

तिच्यावरून दोघं एकमेकांकडे बघत पडले. श्वासाच्या वाफेने टोप्यांच्या काठाला पांढरं धरलं होतं. त्याच्या पापण्यांवरही. आज गाडी येणार होती, आणि असं एकमेकांशेजारी उठणं हे पहिलं आणि शेवटचं. तेही मध्ये एक मुलगी ठेवून.

"सुप्रभात," तो ओठांनीच म्हणाला.

"घोरतोस तू," ती ओठांनीच म्हणाली.

"खोटं."

"डोंगर हलतो."

त्याने हातमोजा काढला आणि मुलीच्या डोक्यावरून हात लांब केला. हॅडलीची बोटं अर्ध्यावर भेटली. गार, सुजलेली, काजळलेली. त्या बोटांना आता काही घडलं नाही असं म्हणायची गरज नव्हती.

टेगन डोळे न उघडता म्हणाली, "मला कळतंय हं सगळं."

"झोप," दोघंही म्हणाले.

"हात काढू नका," ती म्हणाली. "वारा अडतोय."

*

नंतर. बरंच नंतर.

टेगनच्या आजीला इस्पितळातून घरी सोडलं, हे वर्लाने सांगितलं. आजीचं अर्धं अंग लुळं पडलं होतं, पण फोनवर तिने टेगनला नावाने ओळखलं. टेगनला घरी सोडलं नाही. तिने आग मात्र पेटवली, आणि कुणाला दाखवायला बोलावलं नाही.

वर्लाने पाळ्या उलट्या लावल्या. कच्च्या रस्त्यावर गाडी थांबते, उतरणारे उतरतात, चढणारे चढायच्या आधी मुलींची हकीकत सांगतात. कोण जेवत नाही, कुणाचा पाय सुजलाय. ऑरिन आणि हॅडली गाडीच्या इंजिनाच्या गरम झाकणावर हात ठेवून तेच बोलतात. वर्ला खिडकीतून दुसरीकडे बघत सूर्यफुलाच्या बिया चावत बसते, आणि गरजेपेक्षा जास्त बिया चावते.

"कॅसीचा खोकला बरा आहे."

"आणि तुझा?"

"ठीक. तू बारीक झालायस."

"तू नसतेस ना, न करपलेला वाढायला."

"चला," वर्ला म्हणते. चुंबन घ्यायला तेवढा वेळ पुरतो. बोलायला पुरत नाही.

मग त्यांनी गावात, पंपाच्या मागच्या गल्लीत, एक खोली घेतली. दोघांत एक. वर्ला म्हणाली, वेडी आहात, कधी एकत्र राहणार तिथे? कधीच नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. एक निघाला की दुसरी येणार.

आज हॅडली वाळवंटातून खोलीवर आली तेव्हा बाहेर राखेसारखा बर्फ पडत होता. तिने दिवा लावला. ओट्यावर सूपचं पातेलं झाकून ठेवलेलं. गादीच्या भिंतीकडच्या बाजूला खोल खड्डा. खिडकीत त्याचा वस्तरा, त्यावर दोन केस.

तिने चिखलाचे कपडे उतरवले आणि न्हाणीघरात गेली. दारामागे खिळ्याला त्याचा टॉवेल होता. त्याने सकाळी घाईत लोंबकळत टाकलेला, खालचा काठ फरशीला टेकलेला. तिने चेहऱ्याला लावला. अजून ओला होता.

तिने तो पसरून वाळत घातला नाही. घडी करून, ओलाच, उशाशी नेऊन ठेवला.