बिननखांची बोटं

"तायडे, नखं कुरतडणं थांबव. ती बोटं तुझी आहेत, कुकी नाहीत," दहा वर्षांचा वायली म्हणाला.

हॅडलीने बोट तोंडातून काढलं. आज हॅलोवीन. शाळेला सुट्टी, आई सफरचंदाचा रस आणायला गेलेली आणि चार वाजता पार्टी. पार्टीला तिची मैत्रीण पर्लही येणार होती. शेंगदाणा, बदाम असलं काहीही पोटात गेलं की पर्लचा श्वास कोंडायचा. गेल्या वर्षी ती कोपऱ्यात बसून घरून आणलेलं सफरचंद खात होती. यंदा हॅडलीने पर्लच्या आईला शब्द दिला होता, "आमच्या घरात आठवडाभर बदाम येणार नाही."

म्हणून चेटकिणीच्या बोटांच्या आकाराच्या कुकींना बदामाऐवजी भोपळ्याच्या बियांची नखं होती. भोपळा कोरताना निघालेल्या बिया दोघांनीच धुऊन भाजल्या होत्या. नखं लावायचं काम तेवढं कर्टमामाने मागून घेतलं होतं.

हॅडलीने ट्रे ओव्हनमधून काढला आणि ती थबकली.

"वायली, ही तीन नखं बघ. जाड आणि तपकिरी."

"करपली असतील."

तिने एक नख मोडून हुंगलं. "बदाम आहे हा."

कर्टमामा ओसरीवर प्लास्टिकचा सांगाडा टांगत होता. "बदाम? मी नाही बुवा. वाटीतल्याच बिया लावल्या."

वायलीने खांदे उडवले. "बरं झालं, तू खाल्ल्या नाहीस. वाटीत शेजारच्या मांजरीने तोंड घातलं होतं."

मामाचा हात सांगाड्यावरच थांबला. "कधी?"

"तू खाल्ल्या नाहीस ना, मग तुला काय करायचंय?"

"पाच-सहाच खाल्ल्या रे. मग कमी पडल्या म्हणून गाडीतले बदाम लावले. तीन बदामांनी काय होतंय?"

"पर्लला दवाखान्यात न्यावं लागेल," हॅडली म्हणाली. "आणि मांजरीचं खोटं होतं."

मामा खाली बसला. "मला कुणी सांगितलं नाही."

"आईने दोनदा सांगितलं. तू मान हलवलीस."

तीन वाजले होते. सगळी बोटं कचऱ्यात गेली. ट्रे, ओटा, हात, सगळं गरम पाण्याने आणि साबणाने दोनदा धुतलं. मामाला स्वयंपाकघरात पाऊल टाकायला बंदी झाली. नवं पीठ मळलं, पण बिया संपल्या होत्या. हॅडलीने प्रत्येक बोटाच्या टोकाला अंगठ्याने नुसता खळगा पाडला.

दुसरा ट्रे निघतोय तोच आई आली, आणि तिच्या मागोमाग पर्ल आणि तिची आई. कुणी कशाला हात लावायच्या आत हॅडलीने सगळं सांगून टाकलं. पर्ल आता परत जाणार, याची तिला खात्रीच होती.

पर्लच्या आईने पिठाच्या पिशवीवरचा मजकूर वाचला, ट्रे पाहिला. मग म्हणाली, "लपवलं असतंस तर आम्ही निघालो असतो. मोठ्यांनाही एवढं सुचत नाही. पर्ल, घे एक."

आईने हॅडलीच्या पाठीवर हात ठेवला. ओसरीवर मामा मान खाली घालून उभा होता.

पर्लने चावा घेतला. हॅडलीची नजर घड्याळावर होती. एक मिनिट गेलं, मग पाच, मग दहा.

"छान झालीत," पर्ल म्हणाली. "पण ही चेटकीण कसली काळजी करत होती? सगळी नखं कुरतडून टाकलीत तिने."

हॅडलीने दोन्ही हात हळूच पाठीमागे नेले.