पिवळी फुली

जूनमधली झिमझिम चालू होती. सोलेन एका शेळीच्या खुरात रुतलेला काटा काढत बसली होती, तेवढ्यात ऑर्तांसआत्याच्या अंगणात एक उंच, नखशिखांत भिजलेला तरुण येऊन उभा राहिला. टोपीच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. त्यानं शेळ्यांकडे पाहिलं, लेंड्यांकडे पाहिलं, मग सोलेनकडे पाहिलं... आणि तिथे नजर गरजेपेक्षा जरा जास्तच थांबली.

"हे संत रोकचं चॅपल का?" त्यानं विचारलं.

"वाटतंय तसं?"

"घंटा ऐकू आली."

"ती मार्कीझच्या गळ्यातली." सोलेननं मांडीवरच्या शेळीकडे बोट केलं. "चॅपल तिकडे, वर. तुम्ही वाट चुकलात."

"मी?" तो दुखावल्यासारखा म्हणाला. "मी वाट चुकत नसतो, मादमोआझेल. मी पिवळ्या पट्ट्यांमागून आलो. वाटच चुकली असेल."

आता मात्र सोलेनचं डोकं फिरलं. कारण ते पट्टे तिचे होते!

मोंतेरील गावापासून निघून, ज्या डोंगराला सगळे 'म्हातारी' म्हणतात त्याच्या कुशीतल्या चॅपलपर्यंत जाणारी ती वाट तिच्या वडिलांनी कोयत्यानं झुडूप-झुडूप तोडून मोकळी केली होती. तीन हिवाळ्यांपूर्वी वडील गेले. तेव्हापासून दर वसंतात सोलेन डबा आणि ब्रश घेऊन वर जायची. प्रत्येक वळणावर, झाडावर नाहीतर दगडावर, डोळ्यांच्या उंचीला वीतभर पिवळा पट्टा, म्हणजे 'इकडून या'. चुकीच्या वाटेच्या तोंडाशी पिवळी फुली, म्हणजे 'इकडे नको'. हात रंगात बुडाले की तिला वाटे, बाबा शेजारीच उभे आहेत आणि "सरळ ओढ गं" म्हणताहेत.

"माझे पट्टे चुकणार नाहीत," ती म्हणाली.

"मला तसं लिहावं लागेल," तो म्हणाला, आणि खिशातून एक ओला कागद निघाला.

तो एमरिक वासाल. जिल्ह्याच्या पदभ्रमण मंडळाचा वाट-तपासनीस. नकाशा वापरायचा नाही, कुणाला विचारायचं नाही, दिसेल त्या खुणेमागून चालायचं आणि पोहोचतो का ते बघायचं, हे त्याचं काम. तीनदा यायचं. तिन्ही वेळा चुकला, तर वाट मंडळाच्या पुस्तकातून बाद. पुस्तकातून गेली की लोक यायचे थांबणार, लोक थांबले की झुडपं परत येणार... आणि बाबांची वाट दोन वर्षांत मातीला मिळणार.

"पहिली फेरी नापास," एमरिकनं लिहिलं. अक्षर सुंदर होतं, याचा सोलेनला आणखी राग आला.

आत्यानं मात्र खिडकीतून सगळं बघून घेतलं होतं. वय वर्षं अडुसष्ट, आवाज डोंगरापलीकडे जाईल असा. "अहो साहेब! नापास करायचं ते करा, पण आधी सूप प्या. आमच्या दारातून उपाशी कोणी गेलेलं नाही, सरकारी माणूससुद्धा!"

तो दोन वाट्या सूप प्यायला. तिसरीला नको म्हणाला, आणि तीही प्यायला.

दुसऱ्या दिवशी सोलेन सगळी वाट चालून आली. एकूण एक पट्टा जागेवर. ती निश्चिंत झाली.

पंधरा दिवसांनी एमरिक पुन्हा अंगणात उभा!

"नाही हं!" सोलेन ओरडली.

"मला तरी कुठे हौस आहे?" तो म्हणाला. पण कान लाल झाले होते. या खेपेला तो कोरडा होता, आणि दाढी करून आला होता. मार्कीझनं पुढे होऊन त्याच्या टोपीचा काठ चावला.

"चला, दाखवा मला कुठे चुकलात ते. आत्ताच्या आत्ता."

"फेरी संपलीये, तेव्हा नियमात बसतं," तो म्हणाला आणि इतक्या आनंदानं निघाला, की आत्या गालात हसली.

दोघं चढू लागली. पुढे तो, मागे ती. दुफाट्यापाशी पोहोचल्यावर तिनं वर बोट केलं. "तो बघा! ओकवर! केवढा ठसठशीत पट्टा!"

"आणि हा?" एमरिकनं खाली बोट केलं. गोठ्याकडे वळणाऱ्या वाटेवर, शेजारच्या ओकच्या बुंध्याला, मांडीच्या उंचीला पिवळा फराटा. पुढच्या झाडाला आणखी एक. त्यापुढे आणखी.

सोलेन बघतच राहिली. वाट पाठ असलेलं माणूस खाली बघतंच कशाला! ती वाकली. रंगात काहीतरी चिकटलं होतं. तिनं ते चिमटीत धरून ओढलं.

पांढरा केस.

"हा..." एमरिक म्हणाला.

"मार्कीझचा," सोलेन म्हणाली.

मे महिन्यात शेळ्या गावच्या सामाईक कुरणात सोडताना प्रत्येक घर आपापल्या जनावरांच्या पुठ्ठ्यावर आपला रंग लावतं. आत्याचा निळा. यंदा निळा संपला, आणि उरलेला अर्धा डबा पिवळा कुणी दिला होता? सोलेननंच! रंग ओला असतानाच शेळ्या अंग खाजवत खाजवत, झाडागणिक घासत घरी परतल्या होत्या. आणि तपासनीस साहेब नियमाप्रमाणे, प्रत्येक खुणेचा मान राखत त्यांच्या मागून.

दोघांची नजरानजर झाली आणि दोघंही एकदम हसत सुटली. तो तर झाडाला टेकला. सरळ झाला तेव्हा विजारीला बुंध्यावरचं शेवाळ लागलं होतं.

"माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीत," तो डोळे पुसत म्हणाला, "मला शेळीनं चकवलं नव्हतं."

"माझ्या मागून यायचं सोडून तुम्ही तिच्या मागून गेलात."

"ती चूक मी सुधारू शकतो..." तो बोलला आणि आपल्याच बोलण्यानं गोरामोरा झाला. "म्हणजे, तिसऱ्या फेरीत."

तिसरी फेरी ऑगस्टमध्ये होती. आणि इथेच सोलेनचा खरा घोटाळा झाला. तारेचा ब्रश घेऊन ती एकेक फराटा खरवडू लागली. चाळीस झाडं साफ झाली. दुफाट्यापाशी शेवटचा ओक उरला, आणि तिचा हात थांबला. हा एक फराटा राहू दिला तर तो अंगणात येईल. पुसला तर सरळ चॅपलला जाईल, सही करील, पलीकडून बसथांब्यावर उतरेल... आणि संपलं. पास झालेल्या वाटेवर तपासनीस पुन्हा येत नाही.

तिनं वर पाहिलं. बाबांच्या हातचा जुना पट्टा तिच्या नव्या रंगाखाली होता.

"सरळच ओढते, बाबा," ती पुटपुटली. फराटा खरवडला, आणि घराच्या वाटेच्या तोंडाशी मोठी पिवळी फुली काढली. इकडे नको.

आत्याला कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "स्वतःच्या दाराला फुली मारणारी पोरगी मी पहिल्यांदा बघतेय गं!"

रविवारी दोघी प्रार्थनेला गेल्या. म्हातारे पाद्रीबाबा प्रवचन सांगता सांगता गायला लागायचे. त्या दिवशी ते संत रोकवर गायले, जो वाटसरूंचा पाठीराखा आणि ज्याच्या पायाशी भाकरी घेऊन आलेलं कुत्रं बसलेलं असतं. बायकांनी रुमाल भिजवले. नंतर सोलेननं एक मेणबत्ती लावली. 'देवा, त्याला एकदाही चुकू देऊ नकोस.' शेजारी आत्यानं जाडजूड मेणबत्ती लावली आणि कुजबुजली, कुजबुज कसली, सगळ्यांना ऐकू गेली, "देवा, त्याला पुन्हा चुकव रे!"

बिचाऱ्या संतानं ऐकावं तरी कुणाचं?

तपासणीच्या दिवशी सोलेन चॅपलच्या पायरीवर बसून होती. बरोबर पावणेबाराला एमरिक झाडीतून बाहेर आला. एकदाही चुकला नव्हता. चेहरा मात्र कुणाच्या तरी मातीला आल्यासारखा.

"अभिनंदन," तो म्हणाला. "उत्तम वाट. पास."

"आभारी आहे," ती म्हणाली.

त्यानं सही केली. त्या सुंदर अक्षरात. मग टोपी हातात फिरवत राहिला. काठाला मार्कीझच्या दातांची नक्षी तशीच होती.

"बस... सव्वाला आहे."

"मग निघायला हवं."

"हो. निघायला हवं..."

तो पलीकडच्या उतारानं निघाला. सोलेननं चॅपल झाडलं, दार लावलं, दगडी संताकडे एकदा रागानं पाहिलं. "ऐकलंस माझं. ठीक आहे." आणि डोळे पुसत खाली उतरू लागली.

दुफाट्यापाशी फुलीसमोर कोणीतरी उभं होतं. धापा टाकत.

"तुम्ही? बस तर तिकडे!"

"अर्ध्यावरून वळलो. चॅपल ओलांडून उतरलो, तू आत झाडत होतीस." 'तू' कधी आलं, ते त्यालाही कळलं नाही.

"ही फुली दिसत नाही?"

"दिसते. सुरेख काढलीयेस. नियमाप्रमाणे दोन्ही रेघा सारख्या." त्यानं श्वास घेतला. "पण सही झाली, सोलेन. आज आता मी कामावर नाही. आता मी... माझ्या मर्जीनं चुकू शकतो."

ती हसली की रडली, तिलाच ठाऊक नाही. "तिकडे नुसत्या शेळ्या आहेत. आणि एक आगाऊ आत्या."

"आणि तू."

"कधीपासून?"

"घंटा ऐकली तेव्हापासून. दुसऱ्या खेपेला तो फराटा शेळीचा आहे, हे मला पहिल्या झाडालाच कळलं होतं. नियम म्हणतो, खुणेमागून जा. मी नियमाच्या आड लपलो."

"लबाडा!" ती म्हणाली. पण हात त्याच्या हातात होता, आणि नखांतला पिवळा रंग त्याच्या तळव्याला टेकला होता.

फुलीला वळसा घालून दोघं उतरली. अंगणातल्या मेजावर तीन ताटल्या आधीच मांडलेल्या होत्या. ऑर्तांसआत्या पाव कापत होती. तिनं मान वर करून पाहिलं, सुरी ठेवली आणि डोंगराच्या दिशेनं छातीवर क्रूस काढला.

"सही झाली का?" तिनं विचारलं.

"झाली, आत्या. एकदाही नाही चुकला."

"आणि तरी इथे आला!" आत्या आनंदानं ओरडली. "बघ! दोघींचंही ऐकलं गं त्यानं!"

मार्कीझ पुढे आली आणि राहिलेली टोपी खाऊ लागली. एमरिकनं ती तिला खाऊ दिली.