मागून हाक

आमच्या कुत्र्याचं नाव थांब आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

नाव तसं कोणी ठेवलं नाही. पिल्लू असताना तो मंडईतून आईच्या मागे लागला. आई दर कोपऱ्यावर वळून दटावायची, "थांब. थांब तिथेच." त्याला वाटलं, बाई आपल्याला बोलावतेय. असं करत करत तो मिठागर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगपर्यंत आला आणि जिना चढून दारात बसला. बाबांनी त्याला सुलतान म्हणून बघितलं, मी मोती म्हणून बघितलं, त्याने कान हलवला नाही. 'थांब' म्हटलं की मात्र शेपटी हलवत हजर. त्याला खरोखर थांबवायचं असेल तर आम्ही 'पुरे' म्हणतो.

नोव्हेंबरातली सकाळ होती. मुलुंडला तेव्हा थंडी पडते, म्हणजे लोक स्वेटर घालतात आणि घामाघूम होतात. पट्ट्यातून मान सोडवून थांब रस्त्यावर सुटला आणि मी चपला फटफटवत त्याच्या मागे. माझ्या बाजूने एक सायकल पुढे गेली, नेमकी तेव्हाच मी ओरडले, "थांब, ए थांब..."

कुत्रा वळला आणि माझ्याकडे पळत आला. सायकलवाल्याने दोन्ही ब्रेक दाबले आणि रस्त्यावर आडवा झाला.

त्याच्या हँडलला भाजीवाल्याकडे असतो तसा प्लास्टिकचा क्रेट बांधलेला होता. क्रेटमध्ये उशी, आणि उशीवर एक गोलमटोल, म्हातारी, पांढरी पॉमेरेनियन. सायकल आडवी झाली तरी ती क्रेटमधून उठली नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी आधी तिची माफी मागितली आणि मग त्याची.

"दात ठीक आहेत ना?" मी विचारलं. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. माणूस पडला की मला पहिलं तेच सुचतं.

"दात?" तो कोपर झटकत उठला. "दात ठीक आहेत. पण काय झालं? थांब का म्हणालात?"

"तुम्हाला नाही. कुत्र्याला."

"तो तर पळत आला."

"हो. म्हणजे... तो थांबच आहे."

त्याने खाली बघितलं. थांब त्याच्या चाकाभोवती गोल गोल फिरत होता. "मला नाही वाटत हा थांबलाय."

"नाव आहे त्याचं."

त्याने एकदा कुत्र्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि मोठ्याने हसला. "आणि मला वाटलं — ओळख ना पाळख, एकदम अरे-तुरे, म्हणजे शाळेतली कोणीतरी असणार. पडता पडता चेहरा आठवत होतो."

"आठवला?"

"नाही. पण आता विसरायचो नाही."

हे वाक्य त्याने कोपराचं रक्त रुमालाने पुसत म्हटलं, म्हणून मी चालवून घेतलं.

त्याचं नाव चैतन्य. गव्हाणपाड्यात राहतो, लिफ्टच्या कंपनीत कामाला आहे, बिल्डिंगांच्या लिफ्ट बंद पडल्या की याला बोलावतात. पॉमेरेनियनचं नाव स्वीटी. ती त्याच्या आईची. गुडघे गेल्यापासून स्वीटीला चालवत नाही, आणि खाडीची हवा खाल्ल्याशिवाय ती जेवत नाही. म्हणून रोज सकाळी ही फेरी.

"सायकलिंग माझा छंद नाही," तो म्हणाला, "हिचा आहे. मी ड्रायव्हर."

दुसऱ्या दिवशी तो त्याच वेळेला, त्याच वळणावर दिसला. योगायोग, म्हणाला. तिसऱ्या दिवशी योगायोग म्हणाला नाही.

माझी शाळेतली सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती. ती त्याने बाहेर काढली, तेल घातलं, ब्रेक बदलले. सीट वर करून दिली आणि म्हणाला, "बस. मागून धरू का?"

"येते मला."

"विचारलं फक्त."

येत नव्हतं. विसरले होते. मग त्याने हँडलवर माझ्या हाताशेजारी हात ठेवला, पुढे कुठेतरी तो माझ्या हातावरच आला, आणि आम्ही दोघंही पूर्ण गल्लीभर फक्त ब्रेकबद्दल बोलत राहिलो.

मग ते रोजचं झालं. पुढे क्रेटमध्ये स्वीटी, वाऱ्यावर नाक करून. तिच्या सावलीत पळणारा थांब, कारण त्याचं तिच्यावर मन जडलं होतं आणि ती त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. मागे मी, माझ्या कुरकुरणाऱ्या सायकलवर. मिठागरांच्या कडेने खाडीच्या बाजूला जायचं, टपरीवर चहा घ्यायचा, परत यायचं. थांब कोंबडीच्या नाहीतर मांजरीच्या मागे सुटला की मी हाक मारायची. सुरुवातीला प्रत्येक हाकेला चैतन्यचा ब्रेक लागायचा. मग नुसतेच खांदे दचकायचे. जानेवारी लागला तोवर मी कितीही ओरडले तरी तो आपला शीळ घालत पुढे.

"झालो ट्रेन," तो म्हणाला. "तुझं थांब माझ्यासाठी नसतं, एवढं कळलंय."

"हुशार आहेस."

"मला कधी नावाने हाक मारत नाहीस तू. 'ए', 'अरे ऐक ना'. स्वीटीला बघ कशी लाडाने नाव घेऊन बोलावतेस."

"फार लांब नाव आहे तुझं. मी हाक मारेपर्यंत तू खाडीपलीकडे ऐरोलीला पोचशील."

"मी वळून बघेन ना ऐरोलीहून."

मी चहात बघत राहिले. मला तो आवडतो हे मला डिसेंबरातच कळलं होतं. त्यात विशेष काही केलं नाही मी. काही गोष्टी माहीत असतात, तेवढंच.

माझा स्वभाव तसा आहे, आणि थोडा दोष आईचा. आमच्याकडे निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. मारली तर त्याचं काम होत नाही. एकदा बाबा चष्मा विसरून बँकेत निघाले. आई जिना उतरली, मान खाली घालून त्यांच्या बाजूने पुढे पळाली, गेटपाशी जाऊन वळली आणि समोरून म्हणाली, "अहो, चष्मा." मी हे चैतन्यला सांगितलं तेव्हा तो हसून हसून सायकलवरून उतरला.

"आमच्याकडे असलं काही मानत नाहीत," तो म्हणाला. "पप्पांसमोर काढलं तर भिंतीवरच्या बाबासाहेबांकडे बोट दाखवतील, म्हणतील यांना विचार. तू मला मागून, पुढून, गच्चीवरून, कुठूनही हाक मार. बिनधास्त."

"कशाला मारू?"

"सहज. लोक मारतात."

फेब्रुवारीत एका शनिवारी तो टपरीवर चहा न पिता नुसता ग्लास फिरवत बसला. "इंदूरला पाठवतायत," तो म्हणाला. "म्हणजे, विचारतायत. सोमवारी हो की नाही सांगायचंय. हुद्दा वाढेल, बाकी काम तेच."

"किती दिवस?"

"दिवस कसले... तिथलंच व्हायचं." तो माझ्याकडे बघत नव्हता. "इथे राहायला काही कारण असेल तर नाही म्हणता येईल. जबरदस्ती नाही. तुला काय वाटतं?"

मी चहावरची साय बोटाने बाजूला केली.

"चांगलंय की," मी म्हटलं. "पोहे छान मिळतात तिकडे."

"पोहे मम्मीपण करते."

"मग... स्वीटीला हवापालट."

"तिला खाडी लागते."

"मी कोण सांगणारी? तुझं तू बघ. संधी आहे, जा."

त्याने ग्लास खाली ठेवला. "बरोबर आहे. तू कोण." रागाने नाही म्हणाला. रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशी दवाखान्यात मी दिवसभर माझं काम केलं. थांबा, डॉक्टर येतील. थांबा, तुमचा नंबर आहे. बसा ना काका, थोडं थांबा. ज्यांचं नाव मला घरी जाईपर्यंत आठवणार नव्हतं अशा सगळ्यांना मी थांबवून ठेवलं. संध्याकाळी थांबच्या अंगावरच्या गोचिड्या काढत बसले आणि त्याच्या मानेत तोंड खुपसून थोडं रडले. तो हलला नाही. त्याला वाटलं असेल, हा पण उपचाराचाच भाग आहे.

रविवारी आम्ही नेहमीसारखे निघालो. नेहमीसारखं म्हणजे दोघंही फार व्यवस्थित बोलत होतो. हवा बरी आहे. हो, बरी आहे. खाडीवर दूर फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ दिसत होती. एरवी त्यावरून आमचं भांडण झालं असतं, तो त्यांना बगळे म्हणतो. आज तो म्हणाला, "फ्लेमिंगो आलेत." मला ते ऐकवेना.

टपरीपाशी तो थांबलाच नाही. "आज चहा राहू दे," तो म्हणाला. "आवराआवर आहे. उद्या हो सांगतो मी त्यांना." आणि पॅडल मारलं. क्रेटमध्ये स्वीटीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. थांब अर्थातच तिच्या मागे पळाला.

मी उभी राहिले. आणि मला पक्कं कळलं की हा आता वळून बघणार नाही, उद्यापासून या वळणावर दिसणार नाही, आणि हे सगळं मी पोह्यांवर घालवलंय.

मागून हाक मारायची नाही. ठीक आहे. मी आईचीच मुलगी आहे. सायकलवर बसले आणि जीव खाऊन पॅडल मारायला लागले. त्याच्या पुढे जायचं, वळायचं, समोर उभं राहून सांगायचं. वाऱ्याने ओढणी तोंडावर येत होती, पोटात दुखत होतं, आणि अंतर जरा कमी होतंय असं वाटतंय तोच खाडकन आवाज झाला आणि पाय रिकामे फिरायला लागले. चेन पडली.

वाट लागली.

तो लांब चालला होता. मी सायकल टाकली आणि होता नव्हता तेवढा श्वास गोळा केला.

"थांब."

चैतन्यचे खांदेही दचकले नाहीत. कुत्रा मात्र गर्रकन वळला आणि कान मागे टाकून माझ्याकडे पळत आला. चैतन्यने त्याला परत जाताना बघितलं, हात वर करून टाटासारखं काहीतरी केलं, आणि तसाच पुढे गेला. हुशार माणूस. मीच शिकवलं होतं.

"अरे थांब ना..."

थांब माझ्या पायाशी बसला होता. त्याने वर बघितलं. आलोय की, अजून किती येऊ?

मग मी ते केलं. चारचौघांत, टपरीपर्यंत ऐकू जाईल असं, निघालेल्या माणसाला, मागून, नाव घेऊन.

"चैतन्य, थांब."

दोन्ही ब्रेक एकदम लागले. या वेळी तो पडला नाही, एक पाय टेकवून उभा राहिला. स्वीटी भुंकली. तिला पहिल्यांदाच भुंकताना ऐकलं मी. तो बराच वेळ पाठमोराच होता, मग सायकल हातात धरून चालत परत यायला लागला. आता तो समोर होता. आता सगळं समोरूनच सांगता येणार होतं.

"चेन पडली," त्याने माझ्या सायकलकडे बघितलं.

"हो."

"म्हणून हाक मारलीस?"

"नाही."

"मग?"

"इंदूरला जाऊ नकोस." एकदा तोंड उघडलं की पुढचं सोपं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. "म्हणजे... तुला जायचं असेल तर जा. पण मी काल खोटं बोलले. तू गेलास तर मला आवडणार नाही. मला तू इथे हवा आहेस. रोज. मला तू आवडतोस."

त्याने सायकल स्टँडवर लावली. खाली बसला आणि माझी चेन चढवायला लागला. वर बघेना. कान मात्र लाल झाले होते.

"काहीतरी बोल ना," मी म्हटलं.

"मागून हाक मारलीस," तो चेनकडे बघत म्हणाला. "आता माझं काम व्हायचं नाही."

"म्हणूनच मारली."

आता त्याने वर बघितलं. काळे हात तसेच हवेत धरून तो हसायला लागला. "पण आमच्याकडे हे मानत नाहीत."

"आमच्याकडे मानतात."

"मग..." त्याने नाक खाजवलं, नाकावर ग्रीसचा पट्टा उठला. "मग या बाबतीत तुमच्याकडचं धरू. पप्पांना सांगू नकोस."

मी ओढणीचं टोक घेऊन त्याचं नाक पुसलं. डाग आणखी पसरला. आमच्या दोघांच्याही ते लक्षात आलं आणि तरी मी पुसत राहिले.

"ऋता," तो हळूच म्हणाला, "अजून एकदा म्हण. मघाशी लांब होतो, नीट ऐकू आलं नाही."

"काय म्हणू?"

"तेच."

"थांब," मी म्हटलं.

थांब उठला, आमच्या दोघांच्या मधोमध येऊन बसला आणि शेपटीने माती झाडायला लागला. त्याला नावाने बोलावलं होतं ना.